दवादारूतली दारू

घरात कोणी आजारी पडलं की ‘दवादारू चालू आहे ना?’ अशी विचारपूस अजूनही होते. विचारणाऱ्याच्या मनात बाटली नसते, औषध असतं, आणि शब्दाच्या हिशेबानं त्याचंच बरोबर आहे. दवा अरबी, दारू फारसी, आणि अर्थ दोन्हींचा औषध. बाजारहाट म्हणावं तसे आपण एकाच अर्थाचे दोन शब्द शेजारी बसवले. पुढे सुटी दारू गुत्त्यात गेली आणि जोडीतली दारू घरातच राहिली. फारसीतल्या दारूचं मूळ झाडपाल्याकडे, लाकडाकडे जातं असं बरेच अभ्यासक मानतात. देवदार या नावातला संस्कृत ‘दारु’ म्हणजे लाकूड, तो त्याच कुळातला.

सिंगल माल्ट व्हिस्कीच्या शब्दांकडे जायला ही वाट चांगली, कारण व्हिस्कीची सुरुवातही औषध म्हणूनच झाली. 1494 साली स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स याच्या खजिन्याच्या हिशेबात एक नोंद झाली. जॉन कॉर नावाच्या मठवासी साधूला ‘ॲक्वा व्हिटी’ करण्यासाठी आठ बोल माल्ट दिलं, अशी ती नोंद. बोल हे तिकडचं धान्याचं माप, आणि ॲक्वा व्हिटी म्हणजे लॅटिनमध्ये जीवनाचं पाणी. 1505 मध्ये एडिंबरो शहरात हे पाणी गाळायचा आणि विकायचा मक्ता मिळाला तो न्हावी-शस्त्रवैद्यांच्या संघाला. जखम धुणारे आणि दारू गाळणारे हात तेव्हा एकच होते. अमेरिकेत 1920 ते 1933 दारूबंदी होती, तेव्हासुद्धा डॉक्टरच्या चिठ्ठीवर व्हिस्की मिळत असे.

आपल्या दारूला आणखी एक अर्थ आहे, दारूगोळ्यातला. हे दोन अर्थ एका ठिकाणी प्रत्यक्ष भेटले आहेत. इंग्लंडात मद्याचा कस बघायची जुनी रीत अशी सांगतात, की बंदुकीची दारू मद्यात भिजवायची आणि तिला बत्ती लावायची. तिनं पेट घेतला तर मद्य ‘प्रूफ’ला उतरलं, फुसफुसून विझली तर त्यात पाणी जास्त. ती सीमारेषा पुढे मोजून ठरवली गेली आणि सुमारे 57.1 टक्के मद्यार्काला शंभर प्रूफ म्हणू लागले. आपल्याकडच्या बाटल्यांवर 42.8 टक्के असा अडनिडा आकडा असतो, तो इथून आला. 57.1चे बरोबर पंचाहत्तर टक्के म्हणजे 42.8. लेबलवर ‘75 डिग्री प्रूफ’ असंही छापलेलं सापडेल. बंदुकीच्या दारूची ती परीक्षा केव्हाच बंद झाली, आकडा मात्र महाराष्ट्रातल्या परमिट रूमपर्यंत पोचला.

आता मूळ नावाकडे. ॲक्वा व्हिटीचं गेलिक भाषांतर झालं ‘उश्गे बेहा’. उश्गे म्हणजे पाणी, बेहा म्हणजे जीवन. इंग्रजांनी त्यातला जीवनाचा भाग गाळला आणि उरलेल्या पाण्याची व्हिस्की केली. यातले दोन्ही शब्द आपल्या नात्यातले आहेत. उश्गेची आणि संस्कृत ‘उदक’ची मुळी एकच. इंग्रजी वॉटर, ग्रीक हायड्रो, रशियन व्होदा आणि तिच्यापासूनची व्होडका ही सगळी त्याच मुळीची पालवी. उदक आपण पूजेत वापरतो, आणि एखाद्या गोष्टीवरचा हक्क सोडला की तिच्यावर उदक सोडलं म्हणतो. बेहा हा ‘जीव’चा सख्खा भाऊ. मूळ भाषेतला एकच ध्वनी संस्कृतात ‘ज’ झाला, लॅटिनमध्ये ‘व’ झाला आणि केल्टिक भाषांत ‘ब’. म्हणून जीव, व्हिटा आणि बेहा.

मला याहून मोलाची वाटते ती आणखी एक गोष्ट. युरोपला पाणी आणि जीवन हे दोन शब्द जोडून नाव बनवावं लागलं. संस्कृतात ‘जीवन’ या एका शब्दाचाच अर्थ पाणी असाही आहे. अमरकोशात पाण्याच्या पर्यायांमध्ये जीवन आहे, आणि त्याच यादीत अमृतही आहे. घरोघर नळानं पाणी देणाऱ्या सरकारी संस्थेला आपण ‘महाराष्ट्र जीवन प्राधिकरण’ म्हणतो ते याच अर्थानं. बंगळूरच्या अमृत कारखान्यानं आपली सिंगल माल्ट 2004 साली पहिल्यांदा बाजारात आणली ती थेट स्कॉटलंडात, ग्लासगोमध्ये. व्हिस्कीच्या माहेरी गेलेलं ते भारतीय नाव, अमरकोशाच्या साक्षीनं, उश्गे बेहाचा जवळजवळ समानार्थी शब्द होतं.

‘रसायन’ या शब्दाची गोष्ट मात्र उलट दिशेनं गेली. आयुर्वेदात रसायन म्हणजे आयुष्य वाढवणारी, म्हातारपण लांबवणारी चिकित्सा, म्हणजे ॲक्वा व्हिटीचीच कल्पना. आज मराठी वर्तमानपत्रात ‘पोलिसांनी हातभट्टीचं रसायन नष्ट केलं’ अशी बातमी येते. तिथे रसायन म्हणजे पिंपात आंबवलेलं गूळ-नवसागराचं पाणी. स्कॉटलंडच्या कारखान्यात भट्टीवर चढण्याआधीच्या आंबवणाला ‘वॉश’ म्हणतात. त्याला मराठी प्रतिशब्द हवा असेल तर पंचनाम्यातलं रसायन तयार आहे.

माल्ट या शब्दाकडे आपण फारसं बघत नाही. बाटलीवर सिंगल माल्ट वाचतो आणि महाग असणार एवढं ताडतो. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, इथे सातू. सातू दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवतात, मग फरशीवर पसरतात. दाण्याला मुळं फुटतात, आतून ऊब सुटते, म्हणून लाकडी फावड्यानं रात्रंदिवस तो थर उलटापालटा करावा लागतो. हे काम वर्षानुवर्षं करणाऱ्यांचा एक खांदा उतरायचा, त्या दुखण्याला कामगार ‘मंकी शोल्डर’ म्हणत. पुढे याच नावाची व्हिस्की निघाली. दाणा नखानं दाबला की पिठासारखा फुटतो, एवढा तो मऊ व्हावा लागतो. मोड येताना दाण्यात असे पाचक रस तयार होतात, की पिष्टाची साखर होऊ शकते, आणि साखर झाली तरच पुढे दारू. मोड फार लांबू दिला तर तोच ती साखर खाऊन टाकतो, म्हणून वेळेवर भट्टीत वाळवून त्याला थांबवायचं. नाचणीचं सत्त्व घरी करणाऱ्या बाईला यातलं काहीच नवीन नाही. भिजवणं, फडक्यात बांधून मोड आणणं, सावलीत वाळवणं आणि दळणं, हेच तर ती करते. नाचणीचं सत्त्व हे माल्टच आहे.

आणि या शब्दाचा अर्थही तोच, मऊ झालेलं. इंग्रजी माल्ट आणि मेल्ट या शब्दांची मुळी संस्कृत ‘मृदु’शी जोडली जाते. मृदुचं प्राकृतात ‘मउ’ झालं आणि मराठीत मऊ. म्हणजे बाटलीवरचा माल्ट आणि आपला मऊ हे दूरचे चुलतभाऊ. मऊभात, मऊसूत, आणि आता सिंगल माल्ट. व्हिस्कीच्या अख्ख्या शब्दसंग्रहात मला हे नातं सगळ्यात आवडतं, कारण ते नुसत्या ध्वनीवर उभं नाही. कारखान्यात दाणा चिमटीत धरून आजही पाहतात तो हाच गुण आहे.

सिंगल या शब्दानं मात्र बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. कोणाला वाटतं एकाच पिंपातली, कोणाला वाटतं एकाच शेतातली. सिंगल म्हणजे एकाच कारखान्यातली, एवढंच. त्या कारखान्याची शेकडो पिंपं एकत्र केली तरी ती सिंगलच. धान्य म्हणून फक्त मोडाचा सातू, भट्टीच्या भांड्यात घाण्याघाण्यानं गाळलेली, स्कॉच म्हणवून घ्यायचं तर स्कॉटलंडातच ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं मुरलेली आणि किमान 40 टक्के मद्यार्काची, असा तिथला कायदा आहे. आपल्याकडे व्हिस्की या नावानं खपणारा बराचसा माल उसाच्या मळीच्या स्पिरिटपासून होतो. युरोपात त्याला व्हिस्की म्हणू देत नाहीत, आणि या बाबतीत युरोपचं बरोबर आहे. मळीची दारू वाईट असते असं माझं म्हणणं नाही, पण व्हिस्की म्हटलं तर बाटलीत धान्य हवं.

गाळण्याच्या बाबतीत आपली भाषा श्रीमंत आहे. आपण दारू ‘गाळतो’. अरबीत अरक म्हणजे घाम. भांड्याच्या आतल्या बाजूनं घामासारखे थेंब धरतात म्हणून गाळलेल्या द्रवाला ते नाव पडलं. आपला औषधी ‘अर्क’ तोच, गोव्यातल्या काजूच्या पहिल्या गाळपाचं ‘हुर्राक’ हे नाव त्याच घरचं, आणि शास्त्रीय मराठीतला ‘मद्यार्क’ म्हणजे संस्कृत मद्याला अरबी घाम फुटलेला. हातभट्टीच्या भाषेत ‘पहिल्या धारेची’ म्हणजे कडक, अस्सल. स्कॉटलंडचा गाळणारा नेमकी हीच पहिली धार बाजूला काढतो, कारण तीत नकोशी, उडून जाणारी द्रव्यं असतात. शेवटची धारही तो घेत नाही, तीत जडपणा आणि ओशटपणा उतरतो. या दोन्ही धारा पुढच्या घाण्यात परत जातात. पिंपात जाते ती मधली धार. काचेच्या, पितळी चौकटीच्या, कुलूपबंद पेटीतून ती वाहताना दिसते, आणि कुठल्या क्षणी खटका फिरवायचा यावर त्या कारखान्याची चव ठरते.

आता प्रदेश. 2009च्या नियमांनी स्कॉच व्हिस्कीचे पाच प्रदेश नावानं बांधले. हायलँड, लोलँड, स्पेसाइड, कॅम्बेलटाउन आणि आयला. शेवटच्या बेटाचं नाव इंग्रजीत भलत्याच अक्षरांनी लिहितात, म्हणून आपल्याकडे कोणी इस्ले म्हणतं, कोणी आयस्ले. खरा उच्चार आयला, आणि तो मराठी तोंडात चटकन बसतो. हायलँड-लोलँडची रेघ आखली ती मात्र चवीनं नव्हे, करानं. 1784च्या कायद्यानं डोंगराळ भागातल्या भट्ट्यांना वेगळा कर लावला आणि त्यासाठी नकाशावर रेघ ओढली. त्याच रेघेचे वारस आज चाखणाऱ्यांच्या वहीत चवीचे विभाग म्हणून बसले आहेत.

कारखान्यांची नावं वाचली तर जमिनीचा आणि पाण्याचा नकाशाच समोर येतो. ग्लेन म्हणजे दरी. ग्लेनलिव्हेट ही लिव्हेट नदीची दरी. ग्लेनफिडिख ही हरणांची दरी, म्हणून बाटलीवर शिंगाळ्या हरणाचं डोकं. आयला बेटावर दक्षिण किनाऱ्याला ओळीनं तीन कारखाने आहेत. आर्डबेग म्हणजे लहान भूशिर, लागावूलिन म्हणजे गिरणीचा खळगा, आणि लाफ्रॉइगच्या नावात रुंद खाडीजवळचा खळगा दडला आहे असं मानतात. त्या खाडीचा शब्द गेलिक नाही, समुद्रावरून आलेल्या नॉर्स लोकांचा आहे. बेटाच्या दुसऱ्या टोकाला बूनाहावन, म्हणजे नदीचं मुख. त्यातला ‘आवन’ म्हणजे नदी, आणि भाषाशास्त्रज्ञ त्याला संस्कृत ‘अप्’शी, म्हणजे संध्येतल्या ‘आपः’शी जोडतात. आपल्या गावांची नावंही पिंपळगाव, उंबरगाव, खडकी, पाणशेत अशीच पडली आहेत. ज्यांनी ही नावं ठेवली त्यांना ब्रँड काढायचा नव्हता, वाट सांगायची होती.

पण नाव वाट सांगतं, चव सांगतंच असं नाही. आयला म्हटलं की धूर, असं समीकरण बसलं आहे. बेटावर झाडं कमी, म्हणून सातू वाळवायला पीट जाळायचे. पीट आपण भूगोलात शिकलो, कोळसा होण्याआधीची पायरी. दलदलीत शेवाळ-गवत कुजून साठलेला हा थर वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतो. तो ओला कापायचा, वाऱ्यावर वाळवायचा आणि जाळायचा. त्या धुरातली फिनॉल कुळातली द्रव्यं ओलसर दाण्याला चिकटतात आणि गाळपातून थेट पेल्यापर्यंत येतात. लाफ्रॉइग, लागावूलिन, आर्डबेग ही तिन्ही धुराची घराणी खरी. पण त्याच बेटावर बूनाहावन आणि ब्रुकलॅडी यांची नेहमीची व्हिस्की बिनधुराची असते. उलट हायलँडच्या आर्डमोरमध्ये पीटचा धूर आहे. स्काय आणि ऑर्कनी या बेटांना तर कायद्यात स्वतंत्र प्रदेशच नाही, ती हायलँडमध्ये मोडतात. तेव्हा प्रदेशाच्या नावाकडे पत्ता म्हणून पाहावं. चव ठरवतात ते पीट, भांड्याची उंची, मधली धार कुठे तोडली ते आणि पिंप.

तरी वेगवेगळ्या प्रदेशांच्या चार-पाच पेल्यांची ओळ समोर ठेवून चाखण्यात मोठा आनंद आहे, आणि तो शब्दांच्या आनंदाला लागूनच आहे. आपल्या बारमध्ये एक गंमत आहे. चाखणे या क्रियापदापासून झालेला ‘चखणा’ हा शब्द शेंगदाणे-पापडासाठी राखीव, आणि दारूसाठी पिणे, घेणे, मारणे, झोकणे, ढोसणे. घेणे सभ्य, ढोसणे असभ्य, पण चाखणे त्यात कुठेच नाही. सिंगल माल्टच्या बाबतीत हे क्रियापद पेल्याला परत द्यायला हवं.

असं चाखायला बसलो की माझ्या लक्षात येतं, की परदेशी पुस्तकांतली वर्णनं आपल्याला उपयोगी पडत नाहीत. हेदरची फुलं, ख्रिसमसचा केक, गूजबेरीचा मुरंबा या वासांची आठवणच आपल्या नाकाला नाही. उसन्या आठवणींनी चव सांगता येत नाही. आणि मराठीला इथे उसनवारीची गरजच नाही. आंबट, खारट, तुरट, करपट, कुबट, खवट, उग्र, धुरकट, मातकट, तेलकट, मेणचट, पानचट अशी एकेका वासाची, एकेका जिभेच्या अनुभवाची विशेषणं आपल्याकडे तयार आहेत. थोडं कमी हवं असेल तर गोडसर, आंबटसर, कडसर. भाजल्याच्या तर किती पायऱ्या. खमंग, खरपूस, करपट. पहिल्या दोन कौतुकाच्या, तिसरी तक्रारीची, आणि मधलं अंतर चुलीवरच्या एका मिनिटाचं.

लोलँडची ऑकनटॉशन घेतली, तर ती तीनदा गाळलेली, अंगानं हलकी. तिच्या वासाला ‘हिरवट’ हा शब्द चपखल बसतो, नुकत्या कापलेल्या गवताचा, लिंबाच्या सालीचा. घाईनं पिणारा तिला पानचट म्हणेल, पण ते खरं नाही. पानचट म्हणजे ज्यात पाण्यापलीकडे काही नाही असं. हिच्यात आहे, पण ते दबक्या आवाजात बोलतं. स्पेसाइडची ग्लेनफारक्लास शेरी वाइनच्या पिंपात मुरलेली. इथे काळ्या मनुका, खारीक, जायफळ, आणि मागाहून तुरटपणा, सुपारी चघळल्यावर येतो त्या जातीचा. उत्तर हायलँडची क्लाइनलिश ओठांना लागते तेव्हा मेणाचा हात फिरवल्यासारखी वाटते. इंग्रजीत तिला ‘वॅक्सी’ म्हणतात. मराठीत ‘मेणचट’ म्हटलं की संपलं. गाळलेलं मद्य ज्या टाक्यांत थांबतं, त्यांच्या आतल्या बाजूला बसणाऱ्या स्निग्ध थरामुळे हा गुण येतो. कॅम्बेलटाउनची स्प्रिंगबँक खारट, किंचित तेलकट, थोडी मातकट. एकेकाळी या एका गावात वीसच्या वर कारखाने होते. गेल्या शतकात बहुतेक सगळे बुडाले, आणि स्प्रिंगबँक आजही आपला सगळा सातू आपल्याच फरशीवर मऊ करते.

मग लाफ्रॉइग. पहिल्यांदा वास घेणारा मराठी माणूस बहुतेक वेळा एकच शब्द काढतो. दवाखाना. टिंक्चर आयोडीन, जखमेची पट्टी, फिनाइलनं पुसलेली फरशी. ही नुसती कल्पना नव्हे. पीटच्या धुरात फिनॉल आणि क्रेसॉल असतात, आणि जुन्या फिनाइलमध्ये त्याच कुळातली द्रव्यं. नाक बरोबर ओळखतं. इथे आपल्या भाषेची आणखी एक सोय कामाला येते. आपल्याकडे वास दरवळतो, घमघमतो, सुटतो आणि मारतोही. मोगऱ्याचा वास सुटतो, गटाराचा मारतो. क्रियापदातच निवाडा होतो. लाफ्रॉइग ही अशी व्हिस्की आहे, की एकाच टेबलावर एकाला तिचा वास सुटतो आणि दुसऱ्याला मारतो. ‘दर्प’ हा शब्दही इथेच शोभतो. संस्कृतात दर्प म्हणजे गर्व, मराठीत तो नाकात घुसणारा वासही झाला. पेल्यात थोडं पाणी घातलं की हा दर्प अधिक मोकळा होतो. 2017 साली स्वीडनमधल्या लिनियस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी संगणकावर मांडून दाखवलं, की मद्यार्काचं प्रमाण कमी झालं की धुराच्या वासाचं एक द्रव्य, ग्वायाकॉल, पेल्याच्या पृष्ठभागाकडे सरकतं. पाणी घालणं म्हणजे कमीपणा, असं समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

पिंपाबद्दल थोडं. बऱ्याचशा स्कॉचमध्ये ओल्या खोबऱ्याचा आणि व्हॅनिलाचा वास येतो, तो सातूचा नव्हे, अमेरिकन ओकचा. खोबऱ्याची आठवण करून देणाऱ्या त्या द्रव्याला रसायनशास्त्रज्ञांनी ‘व्हिस्की लॅक्टोन’ असंच नाव दिलं आहे. अमेरिकेत बर्बन व्हिस्कीला दर वेळी नवं, आतून जाळलेलं पिंप लागतं. एकदा वापरलेली पिंपं स्कॉटलंडला जातात, आणि त्यांच्याबरोबर खोबरंही. पिंप हा शब्द पोर्तुगीज ‘पीपा’वरून आपल्याकडे आला, गोवा-वसईच्या वाटेनं. पोर्ट वाइन ज्या लांबट पिंपात मुरते त्याला इंग्रजीत पोर्ट पाइप म्हणतात, आणि हल्ली कित्येक सिंगल माल्ट शेवटचे काही महिने त्याच्यात ठेवतात. तो पाइप आणि चाळीतल्या न्हाणीघरातलं आपलं पाण्याचं पिंप हे शब्द सख्खे आहेत. गोव्यात तर हे वर्तुळ पुरं झालं. कुंकळ्ळीच्या कारखान्यात पॉल जॉन सिंगल माल्ट आज पिंपातच मुरते. तिथल्या उन्हात पिंपातली दारू स्कॉटलंडच्या कितीतरी पट वेगानं उडून जाते. तिकडे वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास घट धरतात. म्हणून आपल्याकडे बारा-अठरा वर्षं मुरवणं परवडत नाही, आणि चार-पाच वर्षांची व्हिस्की इथे चांगली पोक्त होते. वयाचा आकडा बघून भारतीय माल्टला कमी लेखणं चूक आहे.

मोजमापाचा एक शब्द राहिला. स्कॉटलंडात पेल्यातल्या घोटाला ‘ड्रॅम’ म्हणतात. तो आला ग्रीक द्राख्मा या नाण्यावरून आणि वजनावरून. तेच नाणं भारतात आलं आणि संस्कृतात ‘द्रम्म’ झालं. भास्कराचार्यांच्या लीलावतीत नाण्यांचं कोष्टक आहे, त्यात सोळा पणांचा एक द्रम्म. द्रम्मचं प्राकृतात दम्म झालं, मराठीत दाम आणि दमडी. आपल्याकडे क्वार्टर, चपटी, खंबा चालतात, आणि तेही चांगले शब्द आहेत. पण चांगल्या माल्टचा ड्रॅम आणि त्याचा दाम हे एकाच टाकसाळीतून निघाले, हे बिल देताना लक्षात ठेवण्यासारखं आहे.

माझी एक विनंती आहे. पुढच्या वेळी सिंगल माल्ट चाखाल तेव्हा बाटलीच्या मागचं इंग्रजी वर्णन वाचण्याआधी पेला हुंगा आणि मनात येईल तो मराठी शब्द कागदावर लिहा. आंबूस वाटलं तर आंबूस, खरपूस वाटलं तर खरपूस, शेणानं सारवलेल्या अंगणाची आठवण आली तर तीही. आणि ज्यांनी दारूला कधी हात लावला नाही, लावणारही नाहीत, त्यांचीही मदत हवी आहे. मालवणात, वऱ्हाडात, खानदेशात, मराठवाड्यात चुलीचे, गोठ्याचे, भिजल्या धान्याचे, वाळत्या मासळीचे वास सांगणारे कित्येक शब्द घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहेत आणि छापील कोशात नाहीत. ते विचारून घ्या, अर्थासकट लिहून ठेवा, आणि कोण कुठल्या गावी कशाच्या वासाला तो शब्द वापरतं तेही शेजारी नोंदवा.